काका जागेवर का नव्हते

दीड महिना होऊन गेला. सकाळी साडेनऊला मी कारखान्यातल्या माझ्या केबिनमध्ये पहिला चहा घेत होते आणि टेबलावरच्या फोनवर नाव उमटलं, ‘दामूकाका’. खोटं कशाला सांगू, मी फोन उचलला नाही. आठ महिन्यांत त्यांचा एकदाही फोन आला नव्हता, मीही केला नव्हता. आता ते काय बोलतील, आणि मुख्य म्हणजे मी काय बोलेन, हे मला सुचत नव्हतं. फोन वाजून वाजून थांबला. मी चहा संपवला. तो पुन्हा वाजला तेव्हा मात्र उचलला. पलीकडे काकांची मुलगी प्रगती होती. म्हणाली, “मॅडम, बाबा गेले. पहाटे छातीत दुखायला लागलं, पालघरला नेईपर्यंत... बाबांच्या फोनमध्ये जेवढी नावं आहेत तेवढ्यांना कळवतेय.” तिचा आवाज यादी वाचावी तसा सरळ होता. मी “येते” म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता की बरं झालं, मघाचा फोन काकांचा नव्हता, म्हणजे मी त्यांना टाळलं असं होत नाही. माणूस गेल्याची बातमी कानावर पडून अर्धं मिनिट झालं नव्हतं आणि माझी स्वतःला सोडवायची घाई चालली होती. माझी मलाच चीड आली.

दामोदर तामोरे हे नाव तुम्ही ऐकलेलं असण्याचं कारण नाही. सातपाटीचे. पालघर ते बोईसर रस्त्याच्या कडेला मातीखालून जी केबल जाते, तिच्यावरून रोज चालत जायचं आणि कुणी खणताना ती तोडत तर नाही ना, हे बघायचं, एवढंच त्यांचं काम. जाण्याच्या आठ महिने आधी त्यांना त्या कामावरून काढलं. कामाच्या वेळी झोपला होता, असं म्हणून काढलं. ते झोपले नव्हते. हे पक्कं ठाऊक असलेली आणि सांगू शकतील अशी दोनच माणसं होती, त्यातलं एक गेलं. दुसरी मी. गेलेल्या माणसाचं कौतुक करायला लोक असे लेख लिहितात, ते मीही करणार आहे, कारण माणूस त्या लायकीचा होता. पण मी लिहायला बसले ती त्यांच्या नावाला लागलेला बट्टा पुसायला, कारण तो लागला माझ्या गप्प बसण्यामुळे.

आता माझं थोडं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी मूळची कराडकडची. नवरा वीज केंद्रात नोकरीला, म्हणून अठरा वर्षांपूर्वी इकडे आले. राहायला सालवडला, नोकरी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधाच्या कारखान्यात. तिथले कॉम्प्युटर आणि नेटवर्क माझ्याकडे. आमच्याकडे प्रत्येक बॅचची नोंद, म्हणजे कुठल्या टाकीचं तापमान किती होतं, कुणी काय ओतलं, कुणी तपासलं, हे सगळं हल्ली क्लाउडवर जातं. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत ठेवलेले मोठमोठे कॉम्प्युटर, नवी मुंबईच्या बाजूला कुठेतरी. तिथपर्यंत घरच्यासारखं इंटरनेट वापरून भागत नाही, त्यावर सगळ्या दुनियेची गर्दी. म्हणून कंपन्या स्वतःपुरती खासगी लाइन घेतात. आपल्या दारातून निघते ती थेट क्लाउडच्या दारात, मध्ये दुसरं कुणी नाही. आमच्या तशा दोन होत्या, मुद्दाम दोन वेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या. एक तुटली तर दुसरी चालावी म्हणून. कारण नोंद थांबली की बॅच थांबते, आणि नोंद नसलेलं औषध विकता येत नाही, चांगलं असलं तरी ओतून द्यावं लागतं. माझ्या स्क्रीनवर या दोन लाइनींचे दोन हिरवे ठिपके असायचे. ते हिरवे आहेत ना, एवढं बघत मी एसीत बसायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

काका मला पहिल्यांदा भेटले सहा वर्षांपूर्वी. वॉचमनने गेटवरून फोन केला, एक म्हातारा आलाय, म्हणतोय वायर कुठे संपते ते बघायचं आहे. माझ्या नाकावर राग तसा कायमच असतो, त्यात त्या दिवशी सर्व्हर रुसलेला. तणतणत गेटवर गेले. काळा, काटक, साठीला टेकलेला माणूस, अंगात ठेकेदाराचं केशरी जॅकेट, हातात बांबूची काठी. म्हणाले, “मॅडम, मी रोज हिच्यावरनं चालतो. पुढं कोन हाय ते बगाया आलो.” माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांना सर्व्हरच्या खोलीत नेलं. भिंतीतून आत येणारी पिवळी, बोरूएवढी जाड वायर त्यांना दाखवली. त्यांनी ती वाकून बराच वेळ बघितली आणि विचारलं, “आनि त्या टोकाला?” मी म्हटलं, नवी मुंबईला एक इमारत आहे. “कुठशी?” ते मला माहीत नव्हतं. “तुमी कवा गेल्यात नाय?” मी गेले नव्हते. आमच्यापैकी कुणीच गेलं नव्हतं. क्लाउड म्हटलं की आपल्याकडे प्रत्येक जण ढगावरून एक विनोद करतो. काकांनी केला नाही. त्यांनी पत्ता विचारला, आणि तो न सांगता आल्यामुळे मी त्यांच्यासमोर चक्क ओशाळले.

सातपाटीच्या कोळ्याचा मुलगा, पण समुद्र त्यांना सोसला नाही. बोटीवर चढले की ओकाऱ्या. बापाने दोन हंगाम नेऊन बघितलं, मग नाद सोडला. गावात पोरं चिडवायची. “माझा बा बोलला, तू जमिनीवरच बरा,” हे ते स्वतःच हसत सांगायचे. मग टेलिफोन खात्यात रोजंदारीवर लागले, खड्डे खणता खणता केबल जोडायला शिकले, कायम झाले, आणि पुढे लवकर निवृत्ती घेऊन घरी बसले. तीन महिने बसले. चौथ्या महिन्यात हिराकाकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, जा कुठं तरी म्हणून हाकललं आणि ते आमच्या एका लाइनवाल्या कंपनीच्या ठेकेदाराकडे लागले. काकींचा स्वभाव सांगायचा तर, बाजारात पापलेटची पाटी घेऊन बसल्या की त्यांच्याशी घासाघीस करायला माणसं बिचकतात. काका त्यांना घाबरून होते. घाबरून म्हणजे, अगदी आवडीने घाबरून.

त्यांचं चालणं बघण्यासारखं होतं. सकाळची गाडी धरून सातपाटीहून शिरगावमार्गे पालघर, तिथून पायी. रस्त्याच्या कडेला गवत एका पट्ट्यातच नव्याने उगवलं असेल तर तिथे कुणीतरी खणून बुजवलंय, हे ते लांबून सांगायचे. रस्त्यावर चुन्याच्या रेघा दिसल्या की थांबायचे. चुना म्हणजे मोजणीवाले येऊन गेले, दोन-चार दिवसांत जेसीबी येणार. मग त्या जेसीबीवाल्याला गाठायचं. आणि इथे काकांची एक खास पद्धत होती. खिशात सुक्या बोंबलाची पुडी. मशीनवरची माणसं बहुतेक बिहार-झारखंडची, सुकी मासळी तिकडेही खातात, त्यांना ती पुडी म्हणजे घरची आठवण. पुडी द्यायची, मोबाइल नंबर द्यायचा आणि सांगायचं, “खोदने से पहले एक फोन करना, बेटा.” आणि ते करायचे. रस्त्यावर कुठेही मशीन लावायच्या आधी काकांचा फोन वाजायचा. ठेकेदार, सरकारी पत्रं, ऑनलाइन परवानग्या, या सगळ्या कागदी घोड्यांनी जे जमत नव्हतं ते त्या बोंबलाने जमत होतं. “बोंबील खाल्लेला मानूस केबल तोडत नाय,” असं त्यांचं म्हणणं. मलाही एकदा पुडी दिली. आमच्याकडे घरात अंडंसुद्धा शिजत नाही, मी ती कामवाल्या बाईंना देऊन टाकली आणि काकांना “छान होते” म्हणून सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, “कशे केले?” माझी बोबडी वळली. पुढे वर्षभर ते भेटले की “बोंबील पायजे काय मॅडम” विचारून माझी फिरकी घ्यायचे.

मी त्यांच्याबरोबर ती वाट चालले ती त्यांच्या आग्रहावरून, दीड वर्षापूर्वी. म्हणाले, तुमाला एक दाखवायचं हाय, फोनवर समजनार नाय. एका रविवारी सकाळी गेले. उमरोळीच्या अलीकडे रस्त्याखालून एक ओहोळ जातो, त्यावर जुनी मोरी आहे. काकांनी कडेच्या एका चेंबरचं झाकण काठीने उचकटलं आणि मला आत बघायला लावलं. दोन पाइप शेजारी शेजारी, मोरीच्या भिंतीला चिकटून पलीकडे गेलेले. एक काळा, एक निळा. काळ्यातली केबल काकांच्या कंपनीची. आणि निळ्यातली दुसऱ्या कंपनीची. म्हणजे आमचीच दुसरी लाइन. काका म्हणाले, “मॅडम, कागदावर दोन वाटा हायत. जमिनीत एकच हाय.” ओहोळ ओलांडायला तिथे एवढीच एक सोयीची जागा, म्हणून दोन्ही कंपन्यांनी एकमेकांना न विचारता तिथूनच पाइप टाकले होते. एका फावड्यात दोन्ही जातील, एवढ्या जवळ.

सोमवारी मी दोन्ही कंपन्यांना पत्र लिहिलं. दोन्हीकडून सुंदर रंगीत नकाशे आले. एकावर लाल रेघ, दुसऱ्यावर हिरवी, एकमेकींपासून चांगल्या चार बोटं लांब. चार बोटं म्हणजे जमिनीवर किती, हे नकाशावर लिहिलेलं नव्हतं. मी पुन्हा लिहिलं, चेंबरचे फोटो पाठवले, तेव्हा दुसऱ्या कंपनीने कबूल केलं की हो, वाट बदलावी लागेल, पण वर्षभर लागेल. मी वरिष्ठांकडे प्रस्ताव दिला आणि तो मंजूर होऊन काम रांगेत लागलं. इथवर माझं काही चुकलं नाही. चुकलं ते पुढे. आमच्याकडून औषध घेणारी जी मोठी कंपनी, तिचे तपासनीस येणार होते. त्यांनी आधी एक फॉर्म पाठवला. त्यात एक प्रश्न होता, दोन्ही लाइनी पूर्णपणे वेगळ्या वाटांनी येतात का? हो किंवा नाही. ‘नाही’ लिहिलं असतं तर खुलासे, मुदत, वरिष्ठांची बोलणी, आणि कदाचित ऑर्डरच अडकली असती. मी म्हटलं, काम तर होणारच आहे, आज ना उद्या ते खरं होईलच. आणि ‘हो’वर खूण करून खाली सही केली. नकाशे जोडले. स्वतःच्या डोळ्यांनी चेंबरमध्ये बघून आलेली मी, रंगीत रेघांच्या आधाराने वेळ मारून नेली.

तपासनीस आले तो दिवस. सकाळच्या बैठकीत मी जरा जास्तच फुशारले. म्हटलं, आमच्या लाइनवर रोज पायी चालणारा माणूस आहे, डोळ्यांत तेल घालून राखण करतो. त्यांना ते फार आवडलं. म्हणाले, भेटता येईल का त्यांना? मी दहाच्या सुमारास काकांना फोन लावला. ते म्हणाले, “मॅडम, आज नको. मोरीपाशी खणतायत. मशीनवर नवीन मानूस हाय, मी त्याला वळखत नाय. मला तिथं रावायला पायजे.” हे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात. आणि माझे सुद्धा आठवतात. मी म्हटलं, “काका, अर्ध्या तासाचं काम आहे, गाडी पाठवते. माझी अब्रू आहे यात.” मागे मशीनचा आवाज येत होता. काका म्हणाले, “बरं. तुमी म्हनता तर येतो.” आमच्या गाडीने ते पावणेअकराला आले. गेटच्या वहीत त्यांची नोंद कुणी केली नाही, सहा वर्षांत कधीच कुणी करत नसे, इतके ते घरचे. वॉचमनने त्यांना आपल्या खोलीत बसवलं; त्याला किंवा गाडीच्या ड्रायव्हरला पुढेही कुणी काही विचारलं नाही. तपासनीस कॅन्टीनमध्ये रेंगाळले होते. मी त्यांना आणायला निघणार तेवढ्यात माझ्या स्क्रीनवरचे दोन ठिपके लाल झाले. दोन्ही एकदम.

मला त्याच क्षणी कळलं. धावत गेटकडे गेले. काका खोलीच्या दारात उभे होते, त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून एवढंच विचारलं, “मोरी?” मी मान हलवली. ते तसेच रस्त्यावर गेले, येणारी रिक्षा थांबवली आणि गेले. केबल जोडणाऱ्या माणसांबरोबर संध्याकाळपर्यंत ते त्या खड्ड्यात चिखलात बसून होते, असं मला नंतर समजलं. लाइन सहाला आली. तोवर दोन बॅचेस ओतून द्याव्या लागल्या. तपासनीस मला पुन्हा पुन्हा विचारत होते, लाइनी तर दोन होत्या ना? मी म्हणत होते, बघतो आहोत, चौकशी चालू आहे.

चौकशी झाली ती काकांच्या ठेकेदाराकडे. त्यांचे सुपरवायझर दुबेजी यांचा मला दुपारीच फोन आला होता. “मैडम, हमारा आदमी जगह पर नहीं था. पूछा कहाँ था, तो बोलता नहीं. सो गया होगा कहीं.” आता इथे मी फक्त एक वाक्य बोलायचं होतं. तो माझ्याकडे आला होता, मी बोलावलं होतं, तो नको म्हणत होता. तोंड उघडलंही होतं मी. पण माझ्या समोर प्लँट हेड उभे होते, आणि मी ते वाक्य बोलले की पुढचा प्रश्न येणार, की एक माणूस हलला तर दोन्ही लाइनी कशा तुटल्या? मग मोरी निघणार. मग फॉर्म निघणार. मग माझी सही. मी दुबेजींना म्हटलं, “अच्छा.” बस्स, एवढंच. एरवी माझ्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणतात, आणि नेमकी त्या दिवशी मी मूग गिळून बसले.

संध्याकाळी काकांचा फोन आला. मी दचकून उचलला. त्यांचा आवाज थकलेला होता, पण राग नव्हता. म्हणाले, “लाइन जोडली. मी त्यांना काय बोललो नाय, मॅडम. तुमच्या हापिसातली गोष्ट हाय, मी कशी सांगू? तुमी सांगाल ती बरोबर सांगाल.” मी “हो काका” म्हटलं. पुढे पुष्कळ दिवस मी मनाची अशी समजूत घालत होते की काकांनी माझ्यासाठी दोष स्वतःवर घेतला, किती मोठं मन. तसं काही नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी काहीही अंगावर घेतलं नव्हतं. खरं ते मी सांगेन, अशी त्यांची खात्री होती, आणि ते त्याची वाट बघत होते. आठवड्याने त्यांचं जॅकेट काढून घेतलं. तेव्हाही ते वाट बघत असणार. मी काय केलं, तर आमच्याच कारखान्यात त्यांना वॉचमनची नोकरी मिळेल अशी व्यवस्था केली आणि निरोप पाठवला. त्यांनी उलट निरोप पाठवला, बसून काम जमत नाय. तो राग होता की खरंच तसं होतं, हे विचारायची हिंमत मी केली नाही. पालघरहून येताना त्या मोरीवर गाडी आली की मी फोनमध्ये डोकं घालायची. फॉर्मचं पुढे काही झालं नाही, वाट बदलायचं काम सुरू आहे एवढ्यावर तपासनीसांचं समाधान झालं. माझी अब्रू शाबूत राहिली.

काका गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी सातपाटीला गेले. घर भरलेलं, बायका बसलेल्या. मी हात जोडले, प्रगतीला जवळ घेतलं, आणि जे बोलायला गेले होते ते न बोलता परत आले. दारात दोन म्हातारे बोलत होते ते मात्र कानावर पडलं. एक जण म्हणाला, “मानूस चांगला होता. येकदाच झोपला आनि बदनाम झाला.” बोईसरला ही अफवा ठेकेदाराच्या ऑफिसात जन्मली असेल, पण ती सातपाटीत पोचली होती, आणि सातपाटीत तिचा अर्थ वेगळा होता. हे मला काकींनी सांगितलं, तेरावा झाल्यावर मी पुन्हा गेले तेव्हा. त्या ओटीवर सुकी मासळी निवडत होत्या. समुद्रात जाळी टाकून बाकीचे आडवे झाले की एक जण पहाऱ्याला जागा असतो. तो झोपला तर बोट वाहत जाऊन दुसऱ्याच्या जाळ्यात शिरते, कधी माणसं जातात. “असा मानूस झोपला ना बाय, तर त्याला परत कोन बोटीवर घेत नाय. त्याच्या पोरालाबी इचार करून घेतात,” काकी म्हणाल्या. “ह्यांना दर्या सोसला नाय म्हनून लहानपनी हसले. ते ह्यांनी हसून घेतलं. पन म्हातारपनी झोपला बोलले, ते नाय सोसलं.” मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसपाशी संध्याकाळी बसायची काकांची सवय होती, ती त्यांनी सोडली होती. त्याऐवजी शिरगावपर्यंत एकटेच चालत जायचे आणि परत यायचे, रोज, रस्त्याच्या अगदी कडेने.

मी तिथेच, त्या ओटीवर, सगळं सांगितलं. फोन, मोरी, फॉर्म, ‘अच्छा’. मध्ये रडू आलं, ते पुसलं आणि पुढे सांगितलं. काकींचा हात मासळीवर थांबला नाही. मला वाटलं होतं त्या शिव्या देतील, त्याची मी तयारी करून गेले होते, खरं तर तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. किंवा म्हणतील, जाऊ दे बाय, झालं ते झालं. दोन्ही नाही. माझं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, “त्यांना ठाव होतं, तुमी सांगनार म्हनून?” मी म्हटलं, हो. “मंग आठ म्हयने का लावले?” मी म्हटलं, “भ्याले.” त्यांनी मान हलवली. एखाद्याने भाव सांगावा आणि तो पटू नये पण खरा आहे हे कळावं, तशी ती मान होती.

त्यानंतर मी आधी करायला हवं होतं ते केलं. प्लँट हेडना लेखी दिलं, फॉर्मवरच्या सहीसकट. दुबेजींना लिहिलं आणि वर फोनही केला. ते म्हणाले, “मैडम, तब बोल देतीं तो मैं खुद उसे नहीं जाने देता.” कारखान्यात माझं काय करायचं याचा विचार चालू आहे, हा लेख तुमच्या हातात पडेल तोवर तो ठरलेलाही असेल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसरी लाइन गेल्याच महिन्यात नव्या वाटेने, मनोरच्या बाजूने आली. त्या वाटेचाही रंगीत नकाशा आला आणि पुन्हा तोच फॉर्म आला. तो भरायच्या आधी मी तीन रविवार ती वाट पायी चालले, प्रत्येक मोरीपाशी थांबून, झाकणं उघडून घेऊन. उन्हाने डोकं दुखलं, पायाला फोड आले, आणि एका ठिकाणी एका मशीनवाल्याशी बोलायला गेले तर खिशात देण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या रविवारी काकींकडून अर्धा किलो बोंबील घेतले. त्यांनी ते बांधून दिले आणि नेहमीचा भाव लावला, एक रुपया कमी केला नाही. मला ते आवडलं.

पैसे देऊन उठले तेव्हा मी त्यांना म्हटलं, काकी, मी पेपरात लिहिणार आहे, काकांबद्दल सगळं लिहिणार आहे, ते कसे होते, कसे चालायचे. त्या म्हणाल्या, “ते कशे होते ते आमाला ठाव हाय. मोठं लिवू नका. आमच्या लोकांना येवडं वाचायला येळ नाय. येक वाक्य लिवा. परगती तेवडं कापील आनि सोसायटीच्या फळ्यावर लावील.” मी हो म्हटलं आणि घरी येऊन हे एवढं लांबलचक लिहून बसले, कारण ते एक वाक्य लिहायला मला एवढ्या लांबून यावं लागलं. तर प्रगती, कात्री इथे लाव. काकींना वाचून दाखव आणि मग चिकटव.

केबल तुटली त्या दिवशी दामोदर तामोरे झोपले नव्हते, ते मोरीवर जागे उभे होते, तिथून हलायला त्यांनी नकार दिला होता, आणि तरीही मी माझ्या अब्रूसाठी त्यांना तिथून बोलावून घेतलं.